सर्व्हर मंद झालाय? रॅम वाढवण्याआधी मेमरी कुठे जाते ते बघा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठेही जा. गावातल्या एखाद्या पतसंस्थेची, क्लासची, कृषी केंद्राची वेबसाइट सांभाळणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी सापडतेच. सर्व्हर बहुतेक वेळा भाड्याचा: २ किंवा ४ जीबी रॅमचा व्हीपीएस (मोठ्या मशिनचा भाड्याने मिळणारा आभासी तुकडा), त्यावर लिनक्स, पानं पोचवणारं एनजिनएक्स, पानं बनवणारं पीएचपी आणि डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल. मग एखाद्या संध्याकाळी फोन येतो, "भाऊ, साइट नुसती फिरतेय, उघडतच नाही."

त्यावर हमखास दोन उपाय होतात. एक तर सर्व्हर रीस्टार्ट करायचा, नाहीतर मोठा प्लॅन घ्यायचा. रीस्टार्टने दुखण्याच्या खुणा पुसल्या जातात आणि मोठ्या प्लॅनने दुखणं काही दिवस झाकलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. लहान साइटवर मेमरी कमी पडल्यासारखी वाटते तेव्हा बऱ्याचदा ती कमी नसते, तिची वाटणी चुकलेली असते. ती वाटणी कशी तपासायची आणि कशी बसवायची, ते इथे क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीवरचा आकडा पुढच्या पायरीला लागतो.

उदाहरणासाठी एक साइट धरून चालू. रावेर-सावदा पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी ती रोजचे केळीचे भाव देते. दिवसभर तुरळक वर्दळ असते. संध्याकाळी भाव जाहीर झाले की एका मिनिटात हजारेक लोक तेच पान उघडतात. सर्व्हर ४ जीबीचा. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.

पायरी १: वेळ नेमका कुठे जातो?

मेमरीकडे वळण्याआधी दोष सर्व्हरचाच आहे ना, हे पक्कं करा. सर्व्हरवर लॉगिन करून तिथूनच 'कर्ल' आज्ञेने स्वतःचं पान मागवा आणि 'टाइम स्टार्टट्रान्सफर' हा आकडा छापून घ्या. विनंती केल्यापासून पहिला बाइट येईपर्यंत किती सेकंद लागले, ते हा आकडा सांगतो. तो ०.२-०.३ सेकंद असेल आणि तरीही मोबाइलवर पान रेंगाळत असेल, तर सर्व्हर निर्दोष आहे. मग पानावरचे जड फोटो बघा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दोन दांड्यांच्या नेटवर्कवर ४ एमबीचा बॅनर उतरायला वेळ लागणारच, त्याला कॅशे (एकदा वाचलेलं किंवा बनवलेलं जवळ साठवून ठेवणं) काही करू शकत नाही.

आकडा २-३ सेकंदांच्या वर असेल तर पुढे चला. ही चाचणी सकाळी आणि ऐन गर्दीच्या वेळी, अशी दोनदा करा. दोन्ही वेळी मंद असेल तर कोड किंवा डेटाबेसची क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) संशयित. फक्त गर्दीतच मंद होत असेल तर मेमरी आणि वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस) संशयित.

याच वेळी अ‍ॅक्सेस लॉगवरही (आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीवर) नजर टाका. वर्डप्रेसच्या साइटवर लॉगिन पानावर आणि 'एक्सएमएल-आरपीसी'वर (बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी असलेल्या दारावर) बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, सतत धडका देत असतात. निम्मे वर्कर त्यांच्यातच गुंतलेले असतील तर आधी त्यांना अडवा. बाकीचे उपाय नंतर.

सर्व्हर भाड्याचा नसून ऑफिसातल्या कपाटात ठेवलेला असेल, तर आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला आणि खोलीत एसी नसला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांत) तापमानाचा इशारा दिसला तर आधी हवा खेळती करा.

पायरी २: रिकामी मेमरी नव्हे, उपलब्ध मेमरी वाचा

'फ्री -एम' ही आज्ञा द्या. आपल्या ४ जीबीच्या सर्व्हरवर साधारण असं दिसेल: 'टोटल' ३९१५, 'फ्री' १३०, 'बफ/कॅशे' २३०५, 'अव्हेलेबल' २१६०. सगळे आकडे एमबीमध्ये.

'फ्री'खालचे १३० बघून छातीत धस्स होतं आणि घाईघाईने प्लॅन वाढवला जातो. खरं तर हा सर्व्हर तब्येतीने ठणठणीत आहे. लिनक्स डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल रॅममध्ये ठेवून देतं, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावं लागत नाही. याला पेज कॅशे म्हणतात. आडतीच्या दुकानात चालू हंगामाच्या वह्या गादीशेजारी असतात आणि जुन्या माळ्यावर, तसंच हे. गादीशेजारची जागा मोकळी ठेवून कुणाचाच फायदा नसतो. एखाद्या प्रोग्रॅमला मेमरी हवी झाली की लिनक्स या कॅशेतला भाग क्षणात सोडून देतं.

अंतर किती मोठं आहे ते बघा. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे रॅमच्या मानाने एसएसडी हजारपट आणि हार्ड डिस्क लाखपट मंद. कॅशेचा सगळा खटाटोप या फरकापोटी आहे.

तेव्हा आकडा वाचायचा तो 'अव्हेलेबल'चा. कॅशेतलं सोडता येण्यासारखं धरून नव्या कामाला किती मेमरी मिळू शकेल, याचा हा अंदाज असतो. २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ कर्नलपासून तो थेट मिळू लागला. जुन्या लेखांमध्ये तो नाही, म्हणून ते वाचणारे अजून 'फ्री'लाच घाबरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. 'ड्रॉप कॅशेस'मध्ये ३ लिहिणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत) टाकून दर तासाला 'रॅम साफ' करायचा सल्ला बराच फिरतो. तो करू नका. त्याने 'फ्री'चा आकडा फुगतो, पण त्याच क्षणी प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. दर तासाला सर्व्हर आपल्याच हाताने मंद करण्याचा हा प्रकार आहे. अशी ओळ सापडली तर आजच काढून टाका.

पायरी ३: स्वॅपची हालचाल

रॅम कमी पडली की लिनक्स तिच्यातला डेटा डिस्कवरच्या ज्या जागेत हलवतं, ती स्वॅप. आता 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि गर्दीच्या वेळी अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने धरा. पहिला म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये आलेलं, दुसरा म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये गेलेलं.

स्वॅपमध्ये २००-३०० एमबी पडून आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही, बिनकामाचा डेटा तिथे महिनोन्‌महिने राहू शकतो. धोका हालचालीचा. हे दोन्ही रकाने ओळीमागून ओळ शून्याच्या वर राहत असतील, तर सर्व्हर रॅमचं काम डिस्कवर करतोय, आणि मघाचा हजारपटीचा हिशोब आता तुमच्या विरोधात चाललाय. प्रोसेसर रिकामा दिसतो, लोड अ‍ॅव्हरेज (कामाच्या रांगेची सरासरी) मात्र चढत जातं, कारण लिनक्स डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेससुद्धा लोडमध्ये मोजतं. 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) रकानाही सोबत वर गेलेला दिसेल.

शेवटच्या बाजूला 'एसटी' हा रकाना असतो. तुमच्या वाट्याचा प्रोसेसर त्याच मशिनवरच्या इतर भाडेकरूंकडे किती गेला, ते तो सांगतो. हा आकडा सतत १०-१५च्या वर दिसला तर तुमच्या कोडमध्ये काही शोधत बसू नका. होस्टिंगवाल्याला तो स्क्रीनशॉट पाठवा आणि दुसऱ्या मशिनवर हलवायला सांगा.

मेमरी पुरती संपली की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतं. बळी शक्यतो सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याचा जातो, आणि लहान सर्व्हरवर तो बहुधा मायएसक्यूएल असतो. लोकांना दिसतं ते वर्डप्रेसचं डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचं पान. मग सगळे डेटाबेसला दोष देत बसतात. 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. ओळ सापडली तर डेटाबेस बिचारा निरपराध आहे, मेमरी दुसऱ्याच कुणी खाल्ली. ती बहुतेक वेळा खाणारा पुढच्या पायरीत आहे.

पायरी ४: वर्करचा हिशोब

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

पीएचपी-एफपीएममध्ये, म्हणजे पीएचपीचे वर्कर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एका वेळी एक वर्कर एकच विनंती हाताळतो. जास्तीत जास्त किती वर्कर चालू शकतील, ते 'पीएम मॅक्स चिल्ड्रन' ठरवतं. मूळ फाइलमध्ये हा आकडा बहुतेक ठिकाणी ५ असतो. तो कमी पडला की लॉगमध्ये 'सर्व्हर रीच्ड मॅक्स चिल्ड्रन' अशी ओळ येते, आणि ती वाचून माणूस ५ चे थेट ५० करून टाकतो. दिवसभर काही होत नाही, कारण तेवढे वर्कर उठतच नाहीत. संध्याकाळी भाव जाहीर होतात, पन्नासच्या पन्नास उठतात आणि सर्व्हर स्वॅपमध्ये बुडतो.

हिशोब असा करा. 'पीएस' आज्ञेने पीएचपीच्या प्रोसेसची 'आरएसएस' मेमरी (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष धरलेली) बघा आणि सरासरी काढा. समजा ती ७० एमबी आली. यात सगळ्यांनी मिळून वापरलेली मेमरी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते, त्यामुळे आकडा थोडा फुगीर असतो. आपल्या हिशोबात तो सुरक्षित बाजूला नेतो, म्हणून चालेल.

आता वाटणी. एकूण ३९०० एमबी धरू. सिस्टिम आणि किरकोळ सेवांना ४००. मायएसक्यूएलला १३००. रेडिसला ३००. ऑपकॅशेला १३० (हे दोन्ही काय ते पायरी ५ मध्ये). पेज कॅशेसाठी मुद्दाम राखून ठेवलेले ५००. बेरीज २६३०, उरले १२७०. त्याला ७० ने भागलं की १८. म्हणजे मॅक्स चिल्ड्रन १८, त्यापुढे नाही. पन्नास ठेवले असते तर नुसत्या पीएचपीलाच ३५०० एमबी लागले असते.

"अठराच वर्कर आणि हजार माणसं?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. एक पान ०.३ सेकंदात तयार होत असेल, तर १८ वर्कर सेकंदाला ६० पानं देतात. मिनिटात हजार माणसं म्हणजे सेकंदाला जेमतेम १७. भरपूर झालं. तेच पान ३ सेकंद घेत असेल, तर १८ वर्कर सेकंदाला ६ च पानं देतील, आणि दर सेकंदाला ११ माणसं रांगेत साचत जातील. वर्कर वाढवून ही रांग तुटत नाही, कारण मेमरी तिथेच संपते. पान तयार व्हायचा वेळ कमी करणं हाच मार्ग. कॅशेची खरी जागा इथे येते.

पायरी ५: कॅशे, तळापासून वर

सगळ्यात तळाला ऑपकॅशे. पीएचपीची फाइल प्रत्येक विनंतीला नव्याने वाचून तिचं भाषांतर करण्याऐवजी तयार रूप मेमरीत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ पासून ते सोबतच मिळतं. मेमरीचा मूळ आकडा १२८ एमबी, तो आपल्याला पुरतो. चालू आहे की नाही एवढं 'पीएचपी इन्फो'त बघा. बदललेल्या फाइल तपासणं बंद केलं असेल, तर नवा कोड चढवल्यावर एफपीएम रीलोड करायला विसरू नका.

त्यावर डेटाबेस. इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवणयंत्रणेचा) बफर पूल म्हणजे तक्त्यांचा आणि इंडेक्सचा (ओळी चटकन शोधायच्या सूचीचा) डेटा रॅममध्ये ठेवायची जागा. मूळ आकडा १२८ एमबी, जो बऱ्याच साइटना तोकडा पडतो. रॅमच्या ७०-८० टक्के द्या असा सल्ला वाचायला मिळतो. तो फक्त डेटाबेससाठीच ठेवलेल्या स्वतंत्र सर्व्हरसाठी आहे. आपल्या एकत्र कुटुंबात १ जीबी ठीक. जुन्या लेखांतलं 'क्वेरी कॅशे' सेटिंग मायएसक्यूएल ८.० मधून काढून टाकलंय. ती ओळ कॉन्फिगमध्ये राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. मारियाडीबीमध्ये (मायएसक्यूएलमधूनच फुटलेल्या फाट्यात) मात्र ते अजून आहे.

पण बफर पूल वाढवण्याआधी स्लो क्वेरी लॉग चालू करा. तो मुळात बंद असतो, आणि मर्यादा १० सेकंदांची असते. ती १ सेकंदावर आणा. भावाच्या साइटवर हमखास सापडणारी क्वेरी म्हणजे 'आजच्या तारखेचे भाव द्या'. तक्त्यात काही लाख ओळी साचलेल्या, आणि अट लिहिलेली असते 'डेट' फंक्शनमध्ये रकाना गुंडाळून. रकाना फंक्शनमध्ये गेला की त्याचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. 'एक्सप्लेन' लावून बघा, 'टाइप'खाली 'ऑल' दिसेल, म्हणजे सगळा तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला जातोय. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स बसवा आणि अट 'आज मध्यरात्रीपासून उद्या मध्यरात्रीच्या आत' अशी लिहा. दोन-तीन सेकंदांची क्वेरी काही मिलिसेकंदांवर येते. वाईट क्वेरीवर कॅशे चढवला की ती दिसेनाशी होते, बरी होत नाही. कॅशे रिकामा होईल त्या क्षणी ती पुन्हा डोकं वर काढते.

यानंतर ऑब्जेक्ट कॅशे, डेटाबेसमधून काढलेली उत्तरं रॅममध्ये ठेवणारा, म्हणजे रेडिस किंवा मेमकॅश्ड. मेमकॅश्ड २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल या साइटसाठी लिहिलं. ते साधं आहे, मूळ मर्यादा ६४ एमबी, एका वस्तूला १ एमबी. रेडिस २००९ चं, जास्त सोयींचं. वर्डप्रेसचा स्वतःचा ऑब्जेक्ट कॅशे एका विनंतीपुरताच जगतो. तो टिकवायचा तर यांपैकी एक आणि त्याचं प्लगइन लागतं.

रेडिस बसवल्या बसवल्या दोन सेटिंग करा. '६४ बिट' मशिनवर 'मॅक्समेमरी' मुळात शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. ते वाढत वाढत वर्करच्या वाट्याची मेमरी खाईल. २५६ एमबी ठेवा. दुसरं, मेमरी भरल्यावर काय करायचं याचं मूळ धोरण 'नोइव्हिक्शन' आहे, म्हणजे जुनं काढायचं नाही, नवं लिहायला आलेल्याला एरर द्यायची. निव्वळ कॅशेसाठी 'ऑलकीज-एलआरयू' लावा, म्हणजे बऱ्याच वेळात न लागलेलं आपोआप निघून जाईल. मात्र लॉगिनची सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) त्याच रेडिसमध्ये ठेवू नका. गर्दीत तीही निघून जातात आणि लोक अचानक लॉगआउट होतात. सेशनसाठी वेगळं रेडिस चालवा.

आणि दोन्हींचं दार बाहेरच्या जगाला बंद हवं. मेमकॅश्डचा ११२११ आणि रेडिसचा ६३७९ हे पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर, ऐकत असले पाहिजेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला, तो अशाच उघड्या राहिलेल्या मेमकॅश्ड सर्व्हरचा वापर करून.

सगळ्यात वरचा थर म्हणजे अख्खं पान साठवणं, आणि भावाच्या साइटला सगळ्यात मोठा फायदा याचाच. पान सगळ्यांना सारखंच दिसतं. मग ते हजार वेळा का बनवायचं? एनजिनएक्सच्या 'फास्टसीजीआय कॅशे'त ६० सेकंदांसाठी ठेवा. पीएचपी मिनिटाला एकदाच राबेल, बाकी सगळ्यांना तयार पान. एनजिनएक्स ही पानं डिस्कवर ठेवतं, पण वाचताना ती लिनक्सच्या पेज कॅशेतूनच येतात. पायरी ४ मध्ये ५०० एमबी राखले ते यासाठी.

'कॅशे लॉक' चालू करा आणि 'यूज स्टेल'ला 'अपडेटिंग' द्या. नाहीतर ६० सेकंद संपले की त्याच क्षणी आलेल्या सगळ्या विनंत्या एकदम पीएचपीवर कोसळतात. या सेटिंगने एकच विनंती आत जाते, बाकीच्यांना तोवर मागचं पान मिळतं.

जिथे लॉगिन आहे तिथे पान साठवू नका. सेशनची कुकी असलेली विनंती कॅशेला वळसा घालून गेलीच पाहिजे. पतसंस्थेच्या साइटवर हे चुकलं तर एका सभासदाच्या खात्याचा उतारा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडेल. साइट चार सेकंद मंद चालली तर लोक थांबतात. इथे विश्वास जातो. दोन वेगळ्या फोनवर, दोन वेगळ्या लॉगिनने तपासल्याशिवाय हा थर चालू करू नका.

शिळ्या डेटाचंही तसंच. नवा भाव नोंदला की त्याच वेळी त्या पानाचा आणि त्या किल्लीचा (ज्या नावाने डेटा रेडिसमध्ये ठेवला त्याचा) कॅशे पुसणारी ओळ कोडमध्ये घाला, नुसत्या मुदतीवर सोडू नका. पानावर भावाची वेळही ठळक छापा: 'सायंकाळी ६:१० चा भाव'. जुना दर समोर ठेवून कुणी व्यापाऱ्याशी बोलणी केली, तर क्विंटलमागे तुटणारा पैसा त्या शेतकऱ्याचा असतो.

पायरी ६: पुन्हा मोजणी

एका वेळी एकच बदल करा आणि पायरी १ मधली कर्लची चाचणी पुन्हा लावा. गर्दीची रंगीत तालीम हवी असेल तर 'एबी' आज्ञेने एका वेळी २० अशा हजार विनंत्या पाठवा, पण सकाळी लवकर, भावाच्या वेळी नव्हे. रीस्टार्टनंतर लगेच मोजू नका. सगळे कॅशे रिकामे असतात, सुरुवातीचे आकडे वाईटच येणार.

रेडिसमध्ये 'इन्फो स्टॅट्स' देऊन 'कीस्पेस हिट्स' आणि 'मिसेस' बघा. हिट्सला दोन्हींच्या बेरजेने भागा. निम्म्या वेळाही सापडत नसेल तर मुदत फार तोकडी आहे किंवा किल्ल्या चुकीच्या पद्धतीने बनताहेत. 'इव्हिक्टेड कीज' भराभर वाढत असेल आणि हिट्स कमी असतील, तर जागा कमी पडतेय.

एवढं करूनही गर्दीच्या वेळी 'अव्हेलेबल' दोन-तीनशेच्या खाली जात असेल आणि 'एसआय-एसओ' हलत राहत असतील, तर खुशाल ८ जीबी घ्या, तो पैसा आता योग्य जागी जाईल. नव्या मशिनवर गेल्यावर बफर पूल, मॅक्समेमरी आणि मॅक्स चिल्ड्रन तिन्ही पुन्हा हिशोबाने बसवा. जुनेच आकडे राहिले तर वाढलेली मेमरी यांच्यापैकी कुणाच्याच वाट्याला येत नाही.